अंथरुणावरच्या माणसाला किती हात लागतात?



पोळा-बेंदूर आला की आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते. बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकायचा, हळद-तूप चोळायचे, हा मान वर्षातून एकदाच. पण चांगला शेतकरी रोजच जू उतरवताना खांद्यावरून हात फिरवतो. कुठे सूज आली का, कातडे घासले का, हे बघितल्याशिवाय तो बैल दावणीला बांधत नाही. मुके जनावर आपले दुखणे सांगू शकत नाही, म्हणून धन्याला ते बघावे लागते.

आता एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुमच्या घरी कोणी म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले असेल, किंवा तालुक्याच्या दवाखान्यात, शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलेले असेल, तर त्याच्या अंगावरची चादर बाजूला करून त्याची पाठ तुम्ही शेवटची कधी बघितली? टाचा कधी बघितल्या?

हा प्रश्न एका श्रीमंत देशालाही विचारला गेला आणि त्याला मान खाली घालावी लागली. ती हकिकत आज सांगायची आहे. त्या हकिकतीच्या शेवटी एक आकडा येतो, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या घराला लागू पडतो.

पास झालेल्या घरातले हाल

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की दहा-वीस खाटांचा खाजगी दवाखाना डोळ्यांसमोर येतो. बाळंतपण झाले, ऑपरेशन झाले, की माणूस घरी परततो. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाकडे या शब्दाचा अर्थ निराळा आहे. ज्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःचे स्वतः उठता-बसता येत नाही, त्यांची अखेरपर्यंत राहण्याची आणि शुश्रूषेची जागा म्हणजे तिथले नर्सिंग होम. तिथून बहुतेक माणसे परत घरी येत नाहीत.

ऑस्ट्रेलियात ॲडलेड नावाचे मोठे शहर आहे. त्या शहरात ओकडेन भागात मानसिक आजार आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी सरकारनेच चालवलेली एक संस्था होती. २०१६ साली तिथल्या एका आजोबांच्या घरच्यांनी तक्रार केली. आजोबांच्या अंगावर काळेनिळे वळ होते, ते कशाने उठले हे कोणी सांगेना. औषध ठरल्यापेक्षा दहापट दिले गेल्याचेही निघाले. घरचे गप्प बसले नाहीत, वरपर्यंत गेले, तेव्हा कुठे चौकशी लागली. २०१७ च्या एप्रिलमध्ये चौकशीचा अहवाल बाहेर आला आणि त्याच वर्षी ती संस्था बंद करावी लागली. पुढे २०१८ साली तिथल्या भ्रष्टाचारविरोधी आयुक्तांनी आपल्या अहवालाच्या नावातच या प्रकरणाला राज्याच्या इतिहासातले लाजिरवाणे पान म्हटले.

यातली खरी ध्यानात ठेवण्याची गोष्ट पुढे आहे. हीच संस्था २०१६ साली सरकारी तपासणीत पास झाली होती! कागद ठीक होते, वह्या भरलेल्या होत्या. तपासनिसाने कागद बघितले. घरच्यांनी माणूस बघितला, म्हणून खरे काय ते उजेडात आले.

मग सगळ्या देशाने आपापल्या म्हाताऱ्यांकडे वळून बघितले. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या सरकारने मोठा चौकशी आयोग नेमला. आयोगाचा पहिला अहवाल २०१९ च्या ऑक्टोबरअखेर आला. त्याचे नाव एकाच शब्दाचे होते: 'दुर्लक्ष'. शेवटचा अहवाल मार्च २०२१ मध्ये मांडला गेला, त्यात १४८ शिफारशी होत्या. अशा घरांत राहणाऱ्या तिघांपैकी निदान एकाला तरी निकृष्ट सेवा मिळते, असा आयोगाचा अंदाज निघाला. पाठीला जखमा पडलेल्या, वेळेवर खाऊ न घातल्याने वाळत चाललेले, ओल्या कपड्यात तासन् तास पडून राहिलेले, त्रास देऊ नये म्हणून गुंगीच्या औषधाने झोपवून ठेवलेले किंवा खुर्चीला बांधून ठेवलेले म्हातारे. पैसा असलेल्या, रस्ते-वीज-दवाखाने यांची काही कमी नसलेल्या देशातली ही गोष्ट आहे.

दुष्ट माणसे थोडी, हात त्याहून थोडे

तुम्ही म्हणाल, तिथले नोकर निर्दय असतील. काही होतेही. पण आयोगापुढे जे आले, त्यात निर्दय माणसांपेक्षा थकलेली माणसेच जास्त होती. एका बाईच्या वाट्याला इतके म्हातारे, की एकाच्या तोंडात घास घालावा तर दुसरा ओला पडलेला. पगार कमी, शिकवण अपुरी, आज आलेली बाई महिन्याने सोडून जाणार. आणि म्हाताऱ्याला भेटायला कित्येक महिने कोणी येत नाही. हात कमी आणि बघणारे डोळेही नाहीत, तिथे चांगला माणूससुद्धा हळूहळू कामचुकार होतो. दृष्टीआड सृष्टी ही म्हण आपण उगीच म्हणत नाही.

म्हणून त्या देशाने आकडाच ठरवून टाकला. १ जुलै २०२३ पासून अशा घरात दिवसाचे चोवीस तास शिकलेली परिचारिका हजर पाहिजे, असा नियम आला. १ ऑक्टोबर २०२३ पासून दर माणशी सरासरी रोज २०० मिनिटे प्रत्यक्ष शुश्रूषा बंधनकारक झाली, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ती २१५ मिनिटे झाली. त्यातली ४४ मिनिटे शिकलेल्या परिचारिकेची. कायदा झाला म्हणून सगळ्या घरांत इतकी मिनिटे भरतात असे नाही. पण माप ठरले, म्हणजे कोण कमी पडतो हे दिसायला तरी लागले.

२१५ मिनिटे म्हणजे ३ तास ३५ मिनिटे. एका म्हाताऱ्या माणसाला रोज एवढा वेळ दुसऱ्याचे हात लागतात.

आता आपल्या घराचा हिशेब

हा आकडा फुगवलेला वाटत असेल तर जमिनीवर काडीने रेघा ओढून आपणच हिशेब करू. तीन वेळचे जेवण, घाई न करता भरवले तर प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे ९० मिनिटे. तोंड धुणे, अंग पुसणे, कपडे बदलणे याला ४० मिनिटे. दर दोन तासांनी कूस बदलणे, उशा नीट लावणे, घोटभर पाणी पाजणे, बारा वेळा पाच-पाच मिनिटे म्हणजे ६० मिनिटे. लघवी-संडासाची स्वच्छता चार वेळा धरली तर आणखी ४०. बेरीज झाली २३० मिनिटे, जवळजवळ चार तास! यात चादरी धुणे नाही, रात्रीची हाक नाही, दवाखान्याची वारी नाही आणि दोन शब्द बोलत बसणेही नाही.

आता सांगा, हे चार तास आपल्या घरात कोण देते? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच आहे: घरची सून. तिला पहाटे धारा काढायच्या असतात, भाकऱ्या थापायच्या असतात, मुलांना शाळेत धाडायचे असते, मग खुरपायला जायचे असते. म्हातारीची पाठ लागली की भावकी म्हणते, सुनेने हयगय केली. अहो, तिच्याजवळ हातांची एकच जोडी आहे! ज्या कामाला परदेशात तीन पाळ्या लावतात, ते काम आपण एका बाईच्या पदरात टाकतो आणि वर तिलाच बोल लावतो.

म्हणून पहिली गोष्ट ही करा. घरातल्या सगळ्यांनी बसून पाळ्या वाटून घ्या. रात्री दहाची आणि पहाटेची कूस मुलाने बदलावी. बापाचे अंग पुसण्यात लाज कसली? शाळेतून आलेल्या नातवाने पाणी पाजावे, पेपर वाचून दाखवावा. शहरात नोकरीला असलेल्या भावाने नुसते फोनवर "आईला जपा" म्हणू नये. त्याने मदतीला बाई ठेवण्याचे पैसे पाठवावेत आणि वर्षातून दोनदा आठवडाभर येऊन स्वतः पाळी घ्यावी, म्हणजे सुनेला माहेरी जाता येईल. लेकींनीही यावे. पाळ्या वाटल्या की दुर्लक्षाची निम्मी कारणे तिथेच संपतात.

पाठ लागते ती कशी?

माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडे दाबले जाते. दाबलेल्या जागी रक्त पोहोचत नाही आणि तिथले मांस मरू लागते. वरून रुपयाएवढा डाग दिसतो, आत मात्र वाटीएवढी जखम असू शकते. माकडहाड, कुल्ले, टाचा, घोटे, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू या जागा रोज बघायच्या.

लालसर डाग दिसला तर बोटाने दाबा. बोट काढल्यावर जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ गेलेली नाही. दाबूनही रंग बदलला नाही तर जखमेची सुरुवात झाली म्हणून समजा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे हात लावून बघा: जागा आसपासच्यापेक्षा गरम, कडक किंवा भुसभुशीत लागते, रंग गडद होतो.

दर दोन तासांनी कूस बदला. माणसाला ओढू नका, ओढले की कातडे सोलते. दोघांनी चादरीचे चार कोपरे धरून उचला. पोटऱ्यांखाली उशी ठेवा, म्हणजे टाचा अधांतरी राहतील. लाल झालेली जागा चोळू नका आणि तिच्याखाली गोल चुंबळही ठेवू नका. दोन्हींनी नुकसान होते. अंथरूण कोरडे आणि बिनचुणीचे ठेवा. हवेची गादी मिळाली तर चांगलीच, पण गादी आली म्हणून कूस बदलणे बंद करायचे नाही. दूध, डाळ, अंडे यांतले जे चालत असेल ते पोटात जाऊ द्या, जखम भरायला तेच लागते. कातडे फुटले तर हळद, राख, कसली पूड यांच्या नादी न लागता डॉक्टरला दाखवा. तिथपर्यंत नेणे जमत नसेल तर आशाताईंना सांगा.

दुसरा मुद्दा पाण्याचा. उतारवयात तहान कमी लागते. "मागत नाही म्हणून दिले नाही" हे चालत नाही. लघवी गडद पिवळी, ओठ-जीभ कोरडी, माणूस एकाएकी बडबडू लागला किंवा ओळखेनासा झाला, की घरचे म्हणतात म्हातारा भ्रमला. पुष्कळदा त्यामागे पाणी कमी पडणे किंवा लघवीतला संसर्ग असतो, आणि दोन्हींवर इलाज आहे. पाजताना-भरवताना मात्र माणसाला बसते करा आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्या, नाहीतर घास श्वासनळीत जातो.

दवाखान्यात, वृद्धाश्रमात जाल तेव्हा

कोणाची तरी अडचण असते, माणूस बाहेर ठेवावा लागतो. त्यात पाप नाही. पण ठेवले म्हणजे सुटलो असे नाही. भेटायला जाल तेव्हा केळी आणि बिस्किटे देऊन, खाटेजवळ पाच मिनिटे उभे राहून परत फिरू नका. एवढे बघा:

एक, वेळ कळवून जाऊ नका. जेवणाच्या वेळी जा. ताट समोर येते का, आणि ते कोणी भरवते का, का तसेच उचलून नेतात?

दोन, चादर बाजूला करून पाठ आणि टाचा बघा. हातांवर, मनगटांवर बांधल्याचे वळ आहेत का बघा.

तीन, नखे, दाढी, तोंडाचा वास, अंथरुणाचा वास. नाक खोटे बोलत नाही.

चार, मागच्या खेपेपेक्षा सदरा किंवा चोळी सैल झाली का? दर महिन्याला वजन करायला सांगा आणि आकडा आपल्या वहीत लिहा.

पाच, भर दुपारी हाका मारूनही जागे होत नसेल तर कोणते औषध चालू आहे, ते कोणत्या डॉक्टरने आणि कशासाठी दिले, हे विचारा.

सहा, चष्मा, कवळी, कानातले यंत्र जागेवर आहे ना? कवळी हरवली की जेवण तुटते, चष्मा हरवला की माणूस अंधारात पडतो. कोणी मारलेले नसते, तरी हाल होतात.

सात, एकांतात बोला. उत्तर देण्याआधी म्हातारे माणूस दाराकडे किंवा मावशींच्या तोंडाकडे बघत असेल, तर त्यातून काय ते ओळखा.

खटकले तर काय करावे? "तक्रार केली तर आपल्या पाठीमागे आणखी हाल करतील," ही भीती सगळ्यांनाच असते. ओकडेनच्या त्या घरच्यांनाही असेलच. म्हणून आरडाओरडा न करता मुख्य सिस्टरशी किंवा व्यवस्थापकाशी बोला. काय बघितले, कोणत्या तारखेला, किती वाजता, हे लिहून द्या आणि आपल्याजवळ नक्कल ठेवा. जखमेचा फोटो काढून ठेवा. शेजारच्या खाटेच्या नातेवाइकांशी बोला, दोघे मिळून गेलात की तुमचे म्हणणे कानावर घेतले जाते. आणि जी मावशी जिव्हाळ्याने करते तिचे नाव घेऊन चारचौघांत चांगले म्हणा. तिलाही कोणीतरी बघते आहे हे कळू द्या. आपल्या राज्यात खाजगी रुग्णालयांनी रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी जागी लावावी, असा २०२१ चा नियम आहे. ती कुठे लावली आहे ते विचारा आणि वाचा.

कायदा काय म्हणतो?

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली आपल्या देशात झाला. मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडे यांच्यावर जबाबदारी आहे. मूलबाळ नसेल, तर ज्याला म्हाताऱ्याची जमीन-घर मिळणार त्याच्यावर आहे. सांभाळ होत नसेल तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. स्वतः जाणे जमत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. ज्येष्ठ माणसाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

म्हाताऱ्या वाचकांनी एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवावी. हयातीत जमीन मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावे बक्षीसपत्राने करून देत असाल, तर "अखेरपर्यंत सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द कागदात लिहून घ्या. या कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. अट लिहिलेलीच नसेल तर भांडण अवघड होते. ते २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहे.

ज्येष्ठांसाठी १४५६७ हा देशभराचा मदतीचा क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. हाल होताना दिसले तर शेजाऱ्यानेही तो लावावा. "दुसऱ्याच्या घरात कशाला पडा" म्हणून मागे सरू नये.

आजच करण्याचे काम

हा अंक वाचून बाजूला ठेवण्याआधी एवढे करा. म्हातारे माणूस झोपते त्या भिंतीवर खडूने वेळा लिहा: सहा, आठ, दहा, बारा... आणि प्रत्येक वेळेपुढे घरातल्या एकेकाचे नाव. सुनेचे नाव दोनापेक्षा जास्त वेळा येऊ देऊ नका. कूस बदलली की नावापुढे रेघ मारायची. चार दिवस रेघा बघा, कोणाच्या नावापुढे जागा कोरी राहते ते आपोआप दिसेल. माणूस दूर कुठे ठेवलेला असेल, तर घरातून कोण कोणत्या आठवड्यात भेटायला जाणार, तेही त्याच भिंतीवर लिहून टाका.